इनासचं लायसन्स

तक्रारीची फाईल बंद करता येते हो, किस्सा बंद करता येत नाही! तो हापिसातून चहाच्या टपरीवर जातो, टपरीवरून लग्नाच्या पंगतीत जाऊन बसतो आणि दर वर्षी थोडं थोडं बाळसं धरतो. मी वसईच्या वीज हापिसात होतो तो काळ सत्तर-ऐंशीच्या दशकांतला. रिटायर होऊन जमाना झाला. पण आजही आमची जुनी टाळकी जमली की कोणीतरी म्हणतंच, "साहेब, तो इनासचा किस्सा सांगा ना!"

आणि मला विचारावं लागतं, "कुठला?"

तेव्हा वसईच्या गावागावांत वीज नुकती घरात शिरत होती. वाड्यांतले रहाट जाऊन विहिरींवर पंप बसत होते. घराचं वायरिंग मात्र लायसन्सवाल्या कंत्राटदारानंच करायचं, त्यानं टेस्ट रिपोर्ट द्यायचा आणि मग आम्ही कनेक्शन द्यायचं, असा नियम. काम खराब निघालं की लोक आमच्याकडे तक्रार घेऊन यायचे. मग दोघांना समोरासमोर बसवायचं, जागेवर जाऊन काम बघायचं, दुरुस्त करून घ्यायचं आणि तक्रारदाराची 'समाधान झाले' अशी सही घ्यायची. सही मिळाली नाही तर वर कळवायचं. वर कळवलं की लायसन्सवर गदा!

ही चौकशी आमच्या कामतसाहेबांकडे. पळापळ माझ्याकडे. मी साताऱ्याकडचा, नवा ज्युनिअर इंजिनियर. कामतसाहेब कधी आवाज चढवत नसत, चष्मा कपाळावर चढवत. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "हे बघा, तक्रारीत तीन माणसं असतात. एक तक्रार करणारा, एक ज्याच्यावर तक्रार आहे तो, आणि एक शेजारी. शेजाऱ्याला आधी शोधायचं!"

ज्याच्यावर तक्रार असायची तो बहुतेक वेळा इनास डाबरे. उंच, सडपातळ, इस्त्रीचा शर्ट आणि खिशात टेस्टर. वायरमनच्या परीक्षेत तीनदा आपटला, चौथ्यांदा पास झाला, आणि पुढे कंत्राटदाराचं लायसन्स मिळालं तेव्हा त्यानं ते फ्रेम करून घरात येशूच्या तसबिरीखाली टांगलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा. "वरती तारणारा, खाली पोसणारा!"

पोसणारा हे मात्र खरं होतं. इनासचा गावात बँड होता. तो स्वतः क्लॅरिनेट वाजवायचा, आणि त्याचे सगळे वायरमन बँडमधलेच. पावसाळ्यात लग्नं बंद, बँड बंद. तेव्हा त्या सगळ्यांच्या चुली इनासच्या लायसन्सवर पेटायच्या. लायसन्स गेलं तर एकटा इनास नाही, अख्खा बँड उपाशी! हे कामतसाहेबांना ठाऊक होतं आणि इनासलाही. तरी तोंड बंद ठेवेल तर तो इनास कसला?

* * *

मी पाहिलेली पहिली तक्रार डिमेलो मास्तरांची. इनासनं त्यांच्या घराचं वायरिंग अर्धवट टाकलं होतं. पंख्यांचे हूक लटकत होते, पंख्यांचा पत्ता नव्हता. आणि महिना मे!

कामतसाहेबांनी इनासला बोलावलं. तो आला तो थेट बँडच्या ड्रेसमध्ये. लाल कोट, सोनेरी बटणं, काखेत क्लॅरिनेट. मला वाटलं, कोणीतरी वरात चुकून हापिसात आणली.

"काम अर्धं का सोडलंस?" कामतसाहेबांनी विचारलं.

"साहेब, ईस्टर झाला ना!"

मला काही कळेना. मग कामतसाहेबांनीच मला समजावलं. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात ख्रिस्ती घरांत लग्नं होत नाहीत. म्हणजे बँडला काम नाही. तेवढ्या दिवसांत ही मंडळी वायरिंगची कामं धडाधड घेतात. ईस्टर उलटला की लग्नं सुरू, मग शिड्या ठेवतात आणि ट्रम्पेट उचलतात. वसईत अर्धवट वायरिंग दिसलं की समजायचं, या घराला ईस्टर आडवा आला!

"ते काही नाही," मास्तर उसळले. "माझ्या मुलीचं लग्न रविवारी आहे. त्याच्या आत पंखे फिरले पाहिजेत."

इनास अगदी नम्रपणे म्हणाला, "मास्तर, रविवारी तुमच्याकडे बँड कोणाचा हाय?"

बँड अर्थातच इनासचा होता.

तरी साहेबांनी हुकूम काढला. रविवारी पंखे फिरलेच पाहिजेत. झालं काय, शनिवारपर्यंत दुसऱ्या गावातली लग्नं वाजवता वाजवता इनासला वेळ मिळाला नाही. रविवारी नवरी दारात उभी, चर्चची वेळ होत आलेली, आणि बँडचा आवाज नाही! मी पंखे तपासायला म्हणून गेलो होतो. आत बघतो तर लाल कोटवाले सगळे शिड्यांवर. ट्रम्पेटवाला वायर सोलतोय, ढोलवाला पंखा धरून उभा आणि इनास खालून ओरडतोय, "साहेबांचा हुकूम हाय, पंखा फिरल्याशिवाय एक सूर निघायचा नाय!"

मास्तर घामाघूम. नवरीची आई रडकुंडीला. शेवटी मास्तर ओरडले, "अरे मरू दे तो पंखा, खाली उतरा!"

इनास उतरला. खिशातून तक्रारीचा कागद काढला आणि मोठ्या ढोलावर पसरला. मास्तरांनी त्या ढोलावरच सही केली. समाधान झाले!

* * *

दुसरा किस्सा एका नव्या घराचा. घर बांधून झालं, इनासचं वायरिंग झालं, आणि फादरना घराला आशीर्वाद द्यायला बोलावलं. फादर प्रार्थना म्हणत खोल्याखोल्यांतून पवित्र पाणी शिंपडत निघाले. माजघरात आले आणि फट्! बोर्डातून ठिणगी, सगळीकडे अंधार.

दुसऱ्या दिवशी घरमालकीण आमच्या हापिसात हजर. लालभडक लुगडं, कमरेला पदर खोचलेला. "इनासचं काम बघा! देवाच्या घरचं दोन थेंब पाणी याच्या बोर्डाला सहन नाय होत!"

इनासला बोलावलं. तो म्हणाला, "साहेब, पावसाच्या पाण्याची गॅरंटी मी देतो. या पाण्याची मी कोण देणार?"

कामतसाहेबांचा चष्मा कपाळावर गेला. कारण आता चौकशी करायची तर फादरचीही करावी लागणार. आणि फादरना बोलावणार कोण? साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी फायलीत बघायला लागलो.

आमचं नशीब, फादर स्वतःच सायकलवरून आले. सगळ्यांना बसायला सांगितलं, स्वतः उभे राहिले आणि म्हणाले, "दोष इनासचा नाही. मी प्रत्येक खोलीत एकदाच पाणी शिंपडतो. त्या बोर्डावर मात्र मी चांगलं तीनदा शिंपडलं."

"तीनदा का, फादर?"

फादरनी मालकीणबाईंकडे पाहिलं. "या माझ्या कानात म्हणाल्या, 'फादर, इथे जरा जास्त मारा. काम इनासनं केलंय!'"

* * *

नाना राऊतांची केळीची आणि पानवेलीची वाडी होती. त्यांनी रहाट काढून विहिरीवर मोटर बसवली. वायरिंग इनासचं. बटन दाबलं, मोटर झोकात सुरू झाली, घुमली, थरथरली, आणि पाणी मात्र टिपूस नाही.

नाना हापिसात आले. पांढरी टोपी, हातात काठी. "साहेब, मोटर आवाज करते. आवाजावर केळी भिजत नाय."

नाना, इनास आणि मी असे तिघे वाडीवर गेलो. मी बघितलं तर मोटर उलटी फिरत होती. तीन तारांतल्या दोन अदलाबदल झाल्या की असं होतं. काम पाच मिनिटांचं. मी तोंड उघडणार तेवढ्यात इनासनं माझा पाय दाबला.

"नाना," तो गंभीर चेहरा करून म्हणाला, "मोटर बसवताना विहिरीवर नारळ फोडला काय?"

नानांचा चेहरा पडला. "नाय रे. गडबडीत राहिला."

"मग! एवढी जुनी विहीर. रहाट काढला, मोटर घातली, आणि तिला विचारलं पण नाय?"

नाना लगबगीनं घरात गेले, नारळ, हळदकुंकू घेऊन आले. पाया पडले, नारळ फोडला. तेवढ्यात इनास मोटरीमागे वाकला, दोन तारा बदलल्या आणि उभा राहून म्हणाला, "आता दाबा!" पाटात पाणी असं काही धो धो आलं की नानांचे डोळेच भरून आले.

परत येताना मी त्याला झापला. "अरे, तू ख्रिस्ती, तू त्यांना नारळ फोडायला लावतोस? सरळ सांगायचं ना, तारा उलट्या लागल्या म्हणून!"

"साहेब, तारा उलट्या म्हटलं तर चूक माझी. नारळ राहिला म्हटलं तर चूक कोणाचीच नाय. आणि खोबरं सगळ्यांना!"

मला तेव्हा फार राग आला होता. पण चार दिवसांनी नाना सही करायला आले, तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाले, "नमस्कार करताना माझा एक डोळा उघडा होता, साहेब. त्यानं तारा फिरवलेल्या मी बघितल्या. पण म्हटलं, नारळाचं आपलं राहिलंच होतं. बरं झालं, आठवण केली पोरानं!"

* * *

एकदा मात्र इनासचं लायसन्स जाता जाता राहिलं. वालीवला तेव्हा छोटे कारखाने उभे राहायला लागले होते. तिथल्या एका गाळ्यात मशीनला हात लावला की झटका बसायचा. शेठ संतापून आले. "अर्थिंगच केलेलं नाही! माणूस मरेल एखादा!"

हे प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. अर्थिंग म्हणजे जमिनीत खड्डा करून त्यात तांब्याची पट्टी पुरायची आणि भोवती कोळसा आणि जाडं मीठ भरायचं. मशीनमध्ये वीज उतरली तर ती माणसात न शिरता जमिनीत जाते. यात लबाडी केली असेल तर लायसन्स रद्दच.

इनास छातीवर क्रूस करून सांगत होता, "साहेब, नायगावच्या आगरातून मीठ आणलं, स्वतःच्या हातानं ओतलं. दोन पोती कोळसा घातला!"

कामतसाहेब म्हणाले, "खोदा."

खोदलं. पट्टी होती. मीठ नाही, कोळसा नाही. नुसती माती!

इनासचा चेहरा पांढराफटक पडला. शेठ म्हणाले, "बघा!" कामतसाहेबांनी खिशातून पेन काढलं. मला वाईट वाटलं. चांगलंच वाईट वाटलं. त्या लाल कोटवाल्यांची पोरंबाळं माझ्या डोळ्यांसमोर आली.

तेवढ्यात गाळ्याचा वॉचमन आला. भला माणूस. "साहेब, जेवायची वेळ झाली. गरिबाच्या खोलीत दोन घास खाऊन जा." मागेच पत्र्याची खोली होती. त्याची बायको शेगडीवर बोंबील भाजत होती. शेगडी कशी रसरसलेली! निखारे लालेलाल. बाजूला डब्यात खडेमीठ काठोकाठ भरलेलं.

इनासनं शेगडीकडे पाहिलं. मग डब्याकडे पाहिलं. मग वॉचमनकडे पाहिलं. वॉचमनची बायको चटकन आत गेली.

इनासनं ताटलीतला एक बोंबील उचलला, तुकडा मोडला आणि दोन्ही हातांनी कामतसाहेबांपुढे धरला.

"घ्या साहेब, माझं अर्थिंग चाखून बघा!"

* * *

हा पुढचा अगदी छोटा आहे. मनवेलपाड्याला एक नवी बिल्डिंग झाली. तिथल्या एका गृहस्थांची तक्रार, बोर्ड तिरका बसवलाय. दिवाणखान्यात बसलं की डोळ्यांत खुपतो, पाहुणे हसतात.

आम्ही गेलो. बोर्ड खरंच तिरका दिसत होता. कामतसाहेब म्हणाले, "काय रे इनास, साधा बोर्ड सरळ लावता येत नाही?"

इनासनं पिशवीतून गवंड्याचा ओळंबा काढला. दोरी बोर्डाला लावून सोडली. दोरी बोर्डाच्या कडेला तंतोतंत चिकटून खाली आली. बोर्ड सरळच होता! मग त्यानं तीच दोरी बाजूच्या भिंतीला लावून सोडली. दोरी वर भिंतीला टेकली आणि खाली चांगली वीतभर लांब लोंबकळायला लागली.

"साहेब, माझ्याकडे बोर्डाचं लायसन्स हाय. भिंतीचं नाय."

सगळे दोरीकडे बघत राहिले. मग कामतसाहेब नेहमीच्या शांत आवाजात म्हणाले, "बरं. आता सगळ्यांनी हळूहळू खाली उतरूया."

* * *

आता शेवटचा. हा मी सहसा कोणाला आधी सांगत नाही.

त्या वर्षी मुंबईहून नवीन हुकूम आला. ज्या कंत्राटदारावर सारख्या तक्रारी येतात, त्याचं लायसन्स आपोआप पुढे चालू राहणार नाही. चौकशी करणाऱ्या साहेबानं शिफारस लिहून दिली तरच. आणि एकही तक्रार शिल्लक असली तर शिफारस करायची नाही! इनासच्या लायसन्सची मुदत संपतच आली होती. पावसाळा तोंडावर. सुदैवानं त्याच्या जुन्या तक्रारी सगळ्या मिटल्या होत्या. तो रोज हापिसात येऊन डोकावायचा, सुकेळ्यांचा पुडा पुढे करायचा, आणि साहेब रोज तो परत करायचे.

आणि नेमकी तेव्हाच एक तक्रार आली. खरं म्हणजे दोन आल्या. एकाच सकाळी, एकाच घरातून.

जुजे आणि पास्कू हे सख्खे भाऊ. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून त्यांचं फाटलं होतं. वडिलांच्या माघारी घराची वाटणी झाली, मधून भिंत घातली गेली. राहिली फक्त पुढची खोली, कारण तिथे आल्तार होता, म्हणजे घरातलं येशूचं देवघर. त्यांची आई, मार्थाआजी, आल्तारापुढे बसून म्हणाली होती, "आधी मला पेटीत घाला, मग इथे भिंत घाला!" त्यामुळे ती खोली सामाईक. दोन बाजूंना दोन भावांची दोन दारं. बोलणं मात्र कित्येक वर्षं बंद.

दोघांनी आपापल्या घराचं वायरिंग इनासकडून करून घेतलं. आल्ताराच्या दिव्यासाठी दोन बटणं, प्रत्येकाच्या दाराशी एकेक. जिन्याच्या दिव्यासारखं. कोणीही आपल्या बाजूनं लावावा, कोणीही बंद करावा. कोणाला कोणाची गरज पडू नये.

तर त्या सकाळी जुजे येऊन बाकाच्या या टोकाला बसला, पास्कू त्या टोकाला. दोघांची तक्रार एकच, इनासनं आल्ताराचा दिवा चुकीचा जोडलाय.

"सामाईक दिवा आहे, तक्रार एकच लागेल," कामतसाहेब म्हणाले. "दोघांनी मिळून करा."

झाली पंचाईत! जुजे मला म्हणाला, "त्याला विचारा, माझं नाव आधी चालेल काय." पास्कू तिथूनच मला म्हणाला, "त्याला सांगा, आधी असू दे, पण काम नालायक हाय हे जोरात लिवा." जुजे म्हणाला, "त्याला सांगा, ते तर लिवणारच!" मी मध्ये बसून दोघांचे निरोप दोन हात अंतरावर पोचवत होतो. इतक्या वर्षांत त्या दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं, ते म्हणजे इनास नालायक आहे!

दिवेलागणीला आम्ही त्यांच्या घरी गेलो. इनास सोबत होता. मार्थाआजी आल्तारापुढे चटईवर हातात रोझरीची माळ धरून बसली होती. तिनं वरही पाहिलं नाही.

"दाबा," मी जुजेला म्हणालो. त्यानं बटन दाबलं. दिवा लागला नाही. त्याला बंद करायला सांगितलं आणि पास्कूला दाबायला लावलं. नाही लागला. मग दोघांना एकदम दाबायला सांगितलं, आणि आल्तारावर लख्ख उजेड पडला.

म्हणजे दोन्ही बटणं चालू असली तरच दिवा लागणार. एकानं जरी बंद केलं तरी गेला! जिन्याचं वायरिंग तर शिकाऊ वायरमनलाही येतं.

"मग रोज संध्याकाळी तुम्ही करता काय?" साहेबांनी विचारलं.

"काय करणार?" जुजे वैतागून म्हणाला. "मी बटन दाबतो. दिवा लागत नाय. मग आयला सांगतो, 'आय, त्याला दाबायला सांग.' आयला हल्ली ऐकायला येत नाय. मग यालाच ओरडून विचारावं लागतं, 'दाबलंस काय रे?'"

"आणि हा कधी शेतावरून उशिरा आला की मी ताटकळत," पास्कू म्हणाला. "वाटेवर जाऊन बघावं लागतं, येतोय काय. आय दिव्याशिवाय रोझरी सुरू करत नाय, आणि रोझरीशिवाय जेवत नाय. किती तरास, साहेब!"

कामतसाहेबांनी म्हातारीकडे पाहिलं. मग माझ्या कानाशी लागून अगदी हळू पुटपुटले, "मला तर यात म्हातारीचाच हात दिसतोय."

"काय म्हणालात, साहेब?" खोलीच्या त्या टोकावरून मार्थाआजी म्हणाली.

साहेबांचा चष्मा कपाळावर गेला. ते इनासकडे वळले. "इनास, हे असं करायला तुला कोणी सांगितलं होतं?"

मी वाट बघत होतो, आता हा काहीतरी फर्मास उत्तर देणार. ओळंबा काढणार, नारळ मागणार. पण इनास आजीकडे बघत राहिला. आजी माळेकडे बघत राहिली.

"कोणीच नाय, साहेब," इनास म्हणाला. "चूक माझी. लिहून टाका."

इनासच्या तोंडून हे वाक्य आम्ही आजवर ऐकलं नव्हतं. लायसन्स टांगणीला लागलेलं असताना हा माणूस स्वतःहून चूक कबूल करत होता! मला त्याचा इतका राग आला आणि त्याच वेळी इतकी माया वाटली की सांगता येत नाही.

"आठवड्याच्या आत दुरुस्त कर," साहेब म्हणाले.

त्यानं दोन दिवसांतच केलं. मी तपासायला गेलो. जुजेनं बटन दाबलं, दिवा लागला. पास्कूनं आपल्या दारातून दाबलं, दिवा विझला. परत दाबलं, लागला. एकदम नियमात! दोघांनी आपापल्या दारात उभं राहून सह्या केल्या आणि आपापल्या घरात निघून गेले. मार्थाआजीनं मला चहा दिला. इनासला दिला नाही. तो बिचारा हत्यारं गोळा करून बाहेर ओट्यावर बसून राहिला.

"तोंड का पाडतोस?" मी म्हणालो. "फाईल बंद झाली, लायसन्स वाचलं!"

"हां साहेब," तो म्हणाला. "वाचलं."

पुढे थोड्याच दिवसांत शिफारस करायची वेळ आली. इनास लायसन्स घेऊन आला, तेही फ्रेमसकट. कामतसाहेबांनी कागद पुढे ओढला, पेनचं टोपण काढलं. एवढ्यात मला खिडकीतून दिसलं. हापिसासमोर एक सायकल थांबली. जुजे सायकल मारत होता आणि पाठी कॅरियरवर पास्कू!

दोघे आत आले. या खेपेला बाकाच्या दोन टोकांना बसले नाहीत. टेबलासमोर खांद्याला खांदा लावून उभे राहिले.

"साहेब, तक्रार हाय."

"कोणाविरुद्ध?"

"याच्या!" दोघांनी एकदम इनासकडे बोट दाखवलं.

इनासनं फ्रेम छातीशी धरली. कामतसाहेबांचं पेन कागदावर होतं तिथेच थांबलं. आता एक तक्रार शिल्लक म्हणजे शिफारस नाही, आणि शिफारस नाही म्हणजे सगळंच संपलं.

"आता काय झालं?" साहेबांनी विचारलं. "दिवा लागत नाही?"

"लागतो," पास्कू म्हणाला.

"मग?"

पास्कूनं जुजेला कोपरानं ढोसलं. "तू सांग."

जुजे खाली मान घालून म्हणाला, "साहेब, आता तो एकट्यालापण लावता येतो."

कामतसाहेबांनी शिफारशीच्या कागदावर झोकदार सही ठोकली, शाई वाळवली आणि कागद इनासच्या हातात दिला.

"जा, इनास. तीच चूक परत करून ये!"